डाळिंबाने रक्त वाढते काय?

प्रश्न : डाळिंब खाल्ल्याने रक्त वाढते, हे खरे काय? साल घरी कशी वापरावी? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : नागपूरच्या बाजारात बहुधा 'भगवा' वाणाचे डाळिंब येते. त्याच्या दाण्यांचा गडद लाल रंग अँथोसायनिन या वनस्पतिजन्य रंगद्रव्यामुळे असतो, लोहामुळे नव्हे. 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असल्याने पंडुरोगावर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या कमतरतेवर, एकट्या डाळिंबावर भिस्त ठेवणे चुकीचे ठरते. त्याची खरी किंमत तंतुमय पदार्थांत आहे, आणि ते दाणे चावून खाल्ल्यासच मिळतात. गाळलेल्या रसात मुख्यतः साखर उरत असल्याने मधुमेहींनी दाणेच पसंत करावेत.

सालीत टॅनिन, म्हणजे जीभ आखडवणारे तुरट द्रव्य, विपुल असते. लोखंडी विळीवर साल चिरली की पात्यावर निळसर काळा डाग उमटतो, तो टॅनिन व लोह यांच्या संयोगाचा. हाच संयोग आतड्यात लोहाचे शोषण अडवतो, म्हणून सालीचा काढा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये. नागपुरी उन्हात साल लवकर कडकडीत वाळते. तिचा तुकडा पाण्यात उकळून, गाळून, कोमट असताना गुळण्या केल्यास हिरड्यांना तात्पुरता आराम पडू शकतो. आयुर्वेदात अतिसारावर दाडिमाष्टक चूर्ण सांगितले आहे, तथापि जुलाबात रक्त पडत असल्यास घरगुती उपाय थांबवून वैद्यकीय तपासणी करावी. मुळाच्या सालीत मात्र विषारी अल्कलॉइडे असल्याने ती घरी वापरूच नये.