आज्ञापालनाची मर्यादा

वडील माणसांची आज्ञा पाळावी, हा धडा आम्ही शिक्षक मुलांस पहिल्या इयत्तेपासून देत आलों आहों. धडा चांगला आहे. परंतु त्याची मर्यादा सांगावयास आम्ही विसरलों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें सन २००७ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र व गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ बालकांस तींत प्रश्न विचारले होते. शेंकडा ५३ बालकांनीं आपणांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचें सांगितलें. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. अपराध्यांपैकीं निम्मे ओळखीचे वा विश्वासांतले होते. आणि बहुतेक मुलांनीं ही गोष्ट पूर्वीं कोणासही सांगितली नव्हती.

चोर बाहेरून येतो म्हणून आपण दारास कडी लावितों. हा चोर मात्र पंक्तीला बसून जेवतो. तो खाऊ देतो, लाड करितो, "हें आपलें गुपित" म्हणतो, प्रसंगीं धमकावितो. मूल भितें, स्वतःलाच दोषी समजतें. धीर करून बोललेंच, तर घराण्याच्या अब्रूसाठीं त्याचें तोंड बंद केलें जातें. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण या मुठींत मूलच चिरडतें.

पालकांस आमची विनंती आहे, कीं मुलांस शरीराच्या सर्व अवयवांचीं नांवें संकोच न धरितां शिकवावीं. मूल नको म्हणत असतां कोणाच्याही मांडीवर बसण्याची वा पापा देण्याची सक्ती करूं नये. आईबापांपासून लपवावयाचें गुपित चांगलें नसतें, हें त्यास सांगावें. तें बोलूं लागल्यास रागावूं नये. त्यावर विश्वास ठेवावा, व त्या माणसापासून त्यास तत्काळ दूर करावें.

सन २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलगे व मुली दोघांसही संरक्षण दिलें आहे. अपराधी नातलग असल्यास अपराध अधिक गंभीर ठरतो. माहिती असून पोलिसांस न कळविणें हाही गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्यानें घ्यावयाचा असतो. वर्तमानपत्रांस त्याचें नांव छापतां येत नाहीं. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य मदत मागतां येते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या देहाविषयींची अयोग्य आज्ञा कोणाचीही असो, ती मोडणें हा उद्धटपणा नव्हे. असें कांहीं घडलें असेल, तर दोष तुमचा नाहीं. एकानें ऐकलें नाहीं, तर दुसऱ्यास सांगा, आम्हांस सांगा. आम्ही ऐकूं.