नोटरीकडे जाण्यापूर्वी : खर्च किती, कागद कोणते आणि फसगत कुठे

जून-जुलैमध्ये प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की तहसील कचेरी आणि कोर्टाच्या आवाराबाहेर रांगा लागतात. कुणाला गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट हवं असतं, कुणाला नावातल्या फरकाचं, कुणाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. टायपिंगवाला आधी विचारतो, "बाँड पेपर आणलाय का?" नसेल तर तो समोरच्या स्टॅम्प वेंडरकडे पाठवतो. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, त्यावर टायपिंग, त्यावर नोटरी असं करत आठशे-हजाराला कात्री लागते. यातला मोठा वाटा देण्याची गरजच नव्हती, हे अनेक पालकांना शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून खर्चाचा हिशेब पहिल्या प्रश्नापासून सुरू करावा : जो कागद मागितला आहे, त्याला नोटरी खरोखर लागते का? महाराष्ट्र शासनाने ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने अनेक सरकारी कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतः सही केलेली झेरॉक्स चालेल, असं ठरवलं. पासपोर्टच्या अर्जासोबतची जोडपत्रंसुद्धा डिसेंबर २०१६ पासून साध्या कागदावर, अर्जदाराच्या स्वतःच्या सहीने घेतली जातात. त्यांना ना नोटरी लागते, ना मॅजिस्ट्रेट. तरीही "पासपोर्टसाठी नोटरी करून घ्या" असा सल्ला देणारे आजही भेटतात. ज्या कार्यालयात कागद द्यायचा तिथेच विचारा, आणि शक्य असेल तर त्यांचा छापील नमुना मागून घ्या. नमुना हातात असेल तर टायपिंगचा खर्चही वाचतो आणि मजकुरातली चूकही टळते.

स्टॅम्प पेपरचे ५०० रुपये

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर नेलं. तेव्हापासून "आता सगळीकडे पाचशेचा बाँड" ही समजूत पक्की झाली. ती अर्धीच खरी आहे. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केलेलं आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, राष्ट्रीयत्व या कामांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शुल्कवाढीनंतर ही माफी रद्द झालेली नाही. असं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर लिहून द्यायचं. कारकुनाने स्टॅम्प पेपरचा आग्रह धरलाच, तर शांतपणे २००४ चा आदेश सांगा आणि नकार लेखी मागा. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हा आग्रह कुणी मुळीच खपवून घेऊ नये. दाखल्यांच्या हंगामात एका घरातून तीन-तीन बाँड विकत घेतले जातात, आणि हा पैसा बहुतेक वेळा ज्याला परवडत नाही त्याच्याच खिशातून जातो.

खासगी कामाचा दस्त मात्र वेगळा. बँकेला द्यायचं प्रतिज्ञापत्र, ठेवीची पावती हरवल्याचा किंवा सोसायटीत मयत सभासदाचे शेअर वारसाच्या नावावर करताना द्यायचा हमीपत्राचा बाँड, मुखत्यारपत्र अशा कागदांना स्टॅम्प लागतो. तिथे ५०० रुपये धरून चाला. स्टॅम्प पेपर तुमच्याच नावावर, किंवा दस्तातल्या दुसऱ्या पक्षाच्या नावावर घ्या. मध्यस्थाच्या नावाचा घेऊ नका. मागे कामाचा हेतू लिहून घ्या. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका, कारण वेंडरला त्याचं कमिशन शासनाकडून मिळतं. आणि घेतलेला स्टॅम्प सहा महिन्यांत वापरा. महाराष्ट्रात त्यानंतर तो कामाचा राहत नाही. "पडून राहू द्या, कधीतरी लागेल" म्हणून दोन-चार बाँड घरात आणून ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

नोटरीची फी

नोटरी हा सरकारने नेमलेला वकील असतो. नोटरी कायदा १९५२ चा आणि त्याखालचे नियम १९५६ चे. नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करतं, प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असतं आणि नूतनीकरण करावं लागतं. त्याची फीही नियमांत ठरलेली आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेण्यासाठी किंवा दस्त साक्षांकित करण्यासाठी ७० रुपये. घरी किंवा दवाखान्यात यावं लागलं तर प्रवासाचा खर्च वेगळा घेता येतो. नोटरीचं तिकीट लावलं तर त्याची किंमतही वेगळी.

प्रत्यक्षात शहरांत एका कागदाला दोनशेपासून पाचशे रुपये सर्रास मागितले जातात, मुखत्यारपत्राला त्याहून जास्त. यात कधीकधी मजकूर तयार करण्याचा मोबदला धरलेला असतो, आणि तो घेणं गैर नाही. वकिलाने विचार करून मसुदा लिहिला असेल तर त्याला पैसे द्यायलाच हवेत. पण तुम्ही मजकूर तयार घेऊन गेलात आणि फक्त सही-शिक्का हवा असेल, तर फी आणि मसुद्याचे पैसे वेगवेगळे सांगायला लावा. नियमांप्रमाणे फीचा तक्ता नोटरीच्या कार्यालयात आत आणि बाहेर दिसेल असा लावलेला असायला हवा, आणि घेतलेल्या पैशांची पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पावती मागितली की रक्कम अनेकदा खाली येते.

सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला आणखी एक वाट आहे. तहसीलदार किंवा नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने शपथ देऊ शकतात. तालुक्याच्या सेतू केंद्रातून हे काम ठरलेल्या, बऱ्याच कमी शुल्कात होतं. वेळ थोडा जास्त लागतो. ज्याला घाई नाही त्याने आधी तिकडेच जावं.

जाताना काय न्यायचं

सर्वात महत्त्वाचं म्हणजे घरून सही करून नेऊ नका. नोटरी साक्ष देतो ती "या माणसाने माझ्यासमोर सही केली" याची. सही आधीच झालेली असेल तर तो शिक्का खोट्यावर बसतो. त्याच कारणाने वडिलांचा कागद मुलाने नेऊन शिक्का मारून आणणं, हा प्रकार सर्रास चालत असला तरी करू नका. पुढे त्या कागदावरून भावाभावांत वाद झाला तर "मी त्या दिवशी तिथे नव्हतोच" या एका वाक्यावर सगळा दस्त कोसळतो. वडील अंथरुणाला खिळलेले असतील तर नोटरीला घरी बोलवा, प्रवासाचे पैसे द्या.

सोबत आधार किंवा पासपोर्टसारखं मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, आणि मजकुरात ज्या कागदांचा उल्लेख आहे त्यांच्या मूळ प्रती ठेवा. सत्यप्रत करून घ्यायची असेल तर मूळ दाखवल्याशिवाय कोणताही प्रामाणिक नोटरी शिक्का मारणार नाही. नोटरी ओळखत नसेल तर तुम्हाला ओळखणारा माणूस किंवा वकील लागू शकतो. मुखत्यारपत्र असेल तर दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह न्या.

मजकूर आदल्या दिवशी घरी नीट वाचा. नाव आधारवर जसं आहे तसंच, पत्ता, वय, तारीख, खाते क्रमांक सगळं तपासा. मोकळी जागा एकही ठेवू नका, उरली तर तिथे आडवी रेघ मारा. खाडाखोड झाली तर तिच्या शेजारी सही करा. प्रत्येक पानावर सही हवी. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेताना मजकूर त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवला, अशी नोंद कागदावर असलीच पाहिजे. इंग्रजी मसुद्यावर आजीचा अंगठा घेऊन मोकळं होणारे महाभाग पाहिले की राग येतो. तिला काय लिहिलंय हे कळणं हा तिचा हक्क आहे.

सही झाल्यावर नोटरीच्या रजिस्टरमध्येही तुमची सही घेतली जाते. ती करा, टाळू नका. कागद हातात आला की तिथेच उभं राहून पाहा : गोल शिक्क्यावर नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्षेत्र आहे का, रजिस्टरचा अनुक्रमांक आणि तारीख घातली आहे का. ज्या जिल्ह्यापुरतं प्रमाणपत्र आहे, त्याच्या बाहेर नोटरीला काम करता येत नाही. शिवाय मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर शिक्के मारणारेही असतात, तेव्हा मुदत विचारायला संकोच करू नका.

जिथे नोटरी पुरत नाही

खरं नुकसान शे-दोनशे रुपयांच्या फीत होत नाही. ते होतं नोटरीच्या शिक्क्याला नोंदणी समजण्यात. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. तरी शहरांच्या कडेला गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट "नोटरी करून" वर्षानुवर्षं विकले गेले, कारण तुकडेबंदी कायद्यामुळे त्यांची नोंदणी होत नव्हती. विकणारा सांगतो, "सगळे असंच घेतात." आयुष्याची पुंजी देऊन घेणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर येत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि तोच प्लॉट दुसऱ्याला विकला गेला तर हातातला कागद मालकी सिद्ध करू शकत नाही. मुखत्यारपत्राच्या आडून केलेली विक्रीही मालकी देत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

भाडेकराराचंही तेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं घरमालकावर बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी फी शहरी भागात १००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, आणि हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र यांनाही नोंदणीच लागते. उलट मृत्युपत्राला ना स्टॅम्प लागतो, ना नोटरी. दोन साक्षीदारांसमोर सही आणि त्या दोघांच्या सह्या पुरतात. वादाची शक्यता असेल तर नोटरीऐवजी नोंदणी करणं शहाणपणाचं. लग्न किंवा घटस्फोट "नोटरीवर" होत नाही. केंद्राच्या विधी व्यवहार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना असे कागद करू नका म्हणून बजावलं आहे. नोटरीवर "मोकळी" झालेली मुलगी कायद्याने विवाहितच राहते.

अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मुलामुलींनी इथल्या घराच्या व्यवहारासाठी आईवडिलांना मुखत्यारपत्र पाठवायचं असेल, तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं, किंवा अपोस्टील करारातल्या देशात स्थानिक नोटरीकडून करून त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात ग्राह्य धरलं जाणारं सरकारी प्रमाणन, घ्यावं. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत चुकल्यामुळे व्यवहार अडकतात, तेव्हा पाकीट हाती आल्याची तारीख जपून ठेवा. इथेच राहणाऱ्या माणसाने मात्र आपल्या वतीने दस्त नोंदणीला सादर करण्याचं मुखत्यारपत्र नोटरीकडे करून भागत नाही, ते दुय्यम निबंधकासमोरच करावं लागतं. याउलट इथला कागद अपोस्टील करारातल्या देशात पाठवायचा असेल तर नोटरीनंतर मंत्रालयातलं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील असा क्रम आहे. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील फी दस्तामागे ५० रुपये आहे. एजंट हजारो रुपये सांगतो ते त्याच्या फेऱ्यांचे.

नोटरीने गैरवर्तन केलं, तुमच्या गैरहजेरीत तुमच्या नावाने शिक्का मारला, तर ज्या सरकारने त्याला नेमलं त्याच्याकडे नियमांतल्या विहित नमुन्यात तक्रार करता येते : राज्याचा नोटरी असेल तर मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाकडे, केंद्राचा असेल तर दिल्लीतल्या विधी व्यवहार विभागाकडे. तक्रारीसोबत नोटरी केलेल्या कागदाची प्रत आणि फीची पावती जोडा, म्हणूनच पावती त्याच दिवशी मागून घ्या.