लॉग फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच?

प्रश्न : आमच्या कंपनीच्या लिनक्स सर्व्हरवर एका अ‍ॅप्लिकेशनची लॉग फाइल 40 जीबीपर्यंत फुगली. ती डिलीट केली, तरी डिस्क भरलेलीच दिसते. असे का?

उत्तर : कारण ती फाइल अजून डिस्कवरच आहे. लिनक्समध्ये ‘आरएम’ कमांड फोल्डरमधले नाव काढते. ज्या प्रोग्रामने फाइल उघडून ठेवली आहे, तो ती बंद करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. तुमचे अ‍ॅप्लिकेशन त्या निनावी फाइलमध्ये बहुधा अजूनही ओळी लिहीत असेल. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ कमांडच्या यादीत ती ‘डिलीटेड’ असा शेरा घेऊन दिसेल. अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट करा, जागा सुटेल.

कायमचा उपाय म्हणजे लॉगरोटेट. हा प्रोग्राम सहसा दिवसातून एकदा चालतो, जुन्या फाइलचे नाव बदलतो, नवी तयार करतो आणि ठरलेल्या संख्येपलीकडच्या फाइली काढून टाकतो. पण मघाचीच अडचण इथेही येते. नाव बदलले तरी अ‍ॅप्लिकेशन जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते. त्यामुळे ‘आता नवी फाइल उघड’ असा सिग्नल त्याला पाठवावा लागतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला त्यासाठी ‘यूएसआर1’ लागतो. सिग्नल न समजणाऱ्या प्रोग्रामसाठी ‘कॉपीट्रंकेट’ आहे. त्यात फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी केली जाते. या दोन कृतींच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी मात्र हरवू शकतात. पैशांच्या व्यवहारांच्या लॉगला हा पर्याय कधीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकाराची मर्यादा घालूनही अनेकांची डिस्क भरते. 100 एमबीची अट लॉगरोटेट चालेल तेव्हाच तपासली जाते. दुपारपर्यंत 40 जीबी लिहिणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनसाठी तो दर तासाला चालवायला हवा.

किती दिवसांचे लॉग ठेवायचे, हा निर्णय सर्व्हर सांभाळणाऱ्यावर सोडू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपणे बंधनकारक आहे. बऱ्याच लिनक्स प्रणालींत मात्र आठवड्याला एक याप्रमाणे चारच जुन्या फाइली ठेवण्याची मूळ सेटिंग असते. तो आकडा किमान 26 करा आणि कॉम्प्रेशन सुरू ठेवा. बदल केल्यावर ‘डी’ पर्याय लावून लॉगरोटेट चालवून पाहा. त्यात कोणत्याही फाइलला हात न लागता तो काय करणार आहे ते दिसते.