हिवाळ्यातील सर्दी-पडसे : पिकाप्रमाणे कुटुंबाचेही संरक्षण करा

मार्गशीर्ष-पौष हे महिने कोकणातील बागायतदाराच्या धावपळीचे असतात. हापूसला बोंगे फुटून मोहर बाहेर पडू लागलेला असतो, तुडतुड्यांवर लक्ष ठेवावे लागते, सुपारीची काढणी आणि सोलणी चाललेली असते, भात निघालेल्या शेतात वाल-कुळीथ उभे असतात. नेमक्या याच दिवसांत घरोघर शिंका आणि खोकला सुरू होतो. गेल्या पौषात दापोली तालुक्यातील मुरुड येथे एका वाडीची पाहणी करण्यास गेलो असता घरातील पाच मोठ्या माणसांपैकी तिघे अंथरुणात होते. मोहरावर तुडतुडे दिसत होते आणि फवारणीस माणूस नव्हता. आजीच्या मांडीवरील आठ महिन्यांचे नातवंड धापा टाकत होते. "थंडीच आहे, ओव्याची धुरी दिली की उतरेल," असे आजी म्हणाल्या. या मुलाची हकिगत पुढे येईलच.

सर्दी हा विषय तसा डॉक्टरांचा. तथापि रोग येण्यापूर्वी बंदोबस्त करणे, तो कशाने पसरतो हे ओळखणे आणि चुकीच्या औषधावर पैसा न घालवणे या गोष्टी शेतकऱ्याला पिकाच्या बाबतीत चांगल्या ठाऊक असतात. तोच विचार घरासाठी कसा वापरावा, हे या लेखात सांगितले आहे.

सर्दी कशाने होते?

सर्दी विषाणूंमुळे होते. असे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यांत ऱ्हायनोव्हायरस हा सर्वांत जास्त आढळतो. प्रकार इतके असल्यामुळे एकदा सर्दी होऊन गेली तरी पुन्हा होते. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीन वेळा आणि लहान मुलांना सहा ते आठ वेळा सर्दी होणे यात काही विशेष नाही.

भेंडीवरील केवडा रोग आपण जाणता. तोही विषाणूजन्य आहे. केवडा पडलेल्या झाडावर कितीही बुरशीनाशक मारले तरी ते झाड सुधारत नाही. म्हणून आपण रोगट झाड उपटतो आणि रोग वाहून नेणाऱ्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करतो. घरातील सर्दीचेही तसेच आहे. येथे पांढऱ्या माशीचे काम आपले हात आणि बंद खोलीतील हवा करतात.

मग थंडीचा संबंध नाही काय? इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथे १९४६ साली केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झाले व ते १९९० पर्यंत चालले. तेथे स्वयंसेवकांना ओल्या कपड्यांत गारठवून पाहिले, पण त्यामुळे सर्दी जास्त होते असे दिसले नाही. पुढे २००५ साली कार्डिफ विद्यापीठात काहींचे पाय वीस मिनिटे गार पाण्यात ठेवले, तेव्हा पुढील चार-पाच दिवसांत त्यांच्यात सर्दीची लक्षणे जास्त आढळली. अमेरिकेतील येल विद्यापीठाने २०१५ साली उंदरांच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत ३७ अंशांपेक्षा ३३ अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे गार नाकात असते तशा तापमानाला, ऱ्हायनोव्हायरस अधिक वेगाने वाढतो आणि शरीराचा प्रतिकार मंदावतो असे दिसले. तात्पर्य, विषाणू नसेल तर नुसत्या गारठ्याने सर्दी होत नाही. विषाणू नाकात पोहोचला असेल तर गारठा त्याला मदत करतो, असे म्हणता येईल. म्हणून कानटोपी व स्वेटर घालावेत, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये.

कोकणात हिवाळ्यातच प्रमाण का वाढते?

मुरुड-हर्णैच्या किनाऱ्यावर दुपारी तीस अंशांच्या आसपास ऊन असते आणि पहाटे अंगावर गोधडी लागते. दापोलीच्या पठारावर काही दिवस पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. गारठा वाटला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो व सगळे कुटुंब माजघरात एकत्र झोपते. एकाच्या खोकल्याचे तुषार सर्वांच्या श्वासात जातात. नाताळच्या सुटीत मुंबई-पुण्याहून चाकरमानी व पर्यटक येतात, त्यांच्याबरोबर शहरातील विषाणूही येतात. शाळेत जाणारे मूल तर घरातील पहिला रोगवाहक ठरते. त्यात भर म्हणजे भाताची मळणी, पेंढ्याच्या उडव्या यांची धूळ आणि चुलीचा धूर यांमुळे नाका-घशाचे आतील अस्तर आधीच दुखावलेले असते.

प्रसाराचे मार्ग तोडा

१) हात धुणे : सर्दीचा विषाणू हातांवर काही तास जिवंत राहू शकतो. नाक पुसलेला हात कडीला, तांब्याला, फोनला लागतो आणि तेथून दुसऱ्याच्या हाताने त्याच्या नाका-डोळ्यांत जातो. शिंकल्यावर, बाहेरून आल्यावर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत. शाळेतून आलेल्या मुलाने दप्तर ठेवण्याआधी हात धुवावेत, ही सवय लावावी.

२) शिंक व खोकला : तळहातात शिंकू नये, कोपराच्या खाचेत किंवा रुमालात शिंकावे. एकच पंचा घरभर फिरू नये. आजाऱ्याचा रुमाल वेगळा ठेवून रोज साबणाने धुवावा व कडक उन्हात वाळवावा.

३) भांडी : बागेत काम करताना एकाच तांब्याला सर्वांनी तोंड लावू नये. वरून पाणी पिण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे.

४) झोपण्याची जागा : आजारी माणसाने सर्दीचे पहिले तीन-चार दिवस ओटीवर किंवा पडवीलगतच्या खोलीत, तान्ह्या मुलापासून व वृद्धांपासून दूर झोपावे. खोलीची एक खिडकी वरच्या बाजूने तरी उघडी ठेवावी. वारा थेट अंगावर येणार नाही अशी खाट लावली म्हणजे झाले.

५) बाळाची आई : आईला सर्दी झाली तरी अंगावर पाजणे बंद करू नये. नाका-तोंडावर स्वच्छ मुखपट्टी बांधून, हात धुऊन पाजावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध दिल्यास बाळाला श्वसनाच्या रोगांपासून चांगले संरक्षण मिळते.

धूर व धूळ टाळा

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून ओवा, बाळंतशेपा, धूप यांची धुरी देण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असला तरी धुराने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना इजा होते व न्युमोनियाचा धोका वाढतो. बाळाला ऊब द्यावी, धूर देऊ नये. आईच्या अंगाशी धरणे, टोपी-मोजे आणि कोवळे ऊन एवढे पुरेसे आहे. दार लावून खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपणे तर अतिशय घातक आहे. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि त्याने झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

घरात गॅस असल्यास निदान हिवाळ्यात लहान मूल असलेल्या घरी स्वयंपाक त्यावर करावा. आंघोळीच्या पाण्याचा बंब व चूल घराबाहेर, पडवीच्या टोकाला असावी. मळणी व पेंढा रचताना नाकावर ओलसर उपरणे बांधावे. उडवी घरापासून दूर रचावी. घरात विडी-सिगारेट ओढू नये.

आहार व घरगुती उपाय

सर्दी बरी करणारे औषध अद्याप नाही. ती सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते, खोकला मात्र दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. तोवर रोग्याला आराम वाटावा एवढाच उपायांचा हेतू असतो.

- कुळथाची गरम पिठी, मुगाचे कढण, पेज, गरम पाणी वारंवार द्यावे. पातळ व उष्ण पदार्थांनी घसा मोकळा होतो.
- पेरू, आवळा, शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या आहारात असाव्यात. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, फार तर ती थोडी लवकर संपते. तेव्हा गोळ्यांपेक्षा परसातील पेरू बरा.
- एक वर्षावरील मुलाला रात्री खोकल्यासाठी अर्धा ते एक लहान चमचा मध द्यावा. एक वर्षाखालील मुलाला मध कधीही चाटवू नये. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते.
- नाक चोंदल्यास अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण लहान चमचा मीठ विरघळवून त्याचे दोन-दोन थेंब नाकात सोडावेत. पाणी रोज ताजे करावे.
- बाळाच्या नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरून सूज आणते. दोन वर्षांखालील मुलाला कापूर किंवा कापूरयुक्त मलम लावू नये.
- उकळत्या पाण्याचे भांडे मांडीशी घेऊन लहान मुलाला वाफ देऊ नये. यात मुले भाजण्याचे प्रकार घडतात.

औषधांबाबत सावधगिरी

केवड्यावर बुरशीनाशक जसे व्यर्थ, तशी सर्दीवर प्रतिजैविके व्यर्थ आहेत. ती जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. विनाकारण घेतल्यास जिवाणूंत प्रतिकारशक्ती तयार होते आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही. एकच कीटकनाशक सतत मारल्याने कीड कशी दाद देईनाशी होते, हा अनुभव आपणास आहेच.

खोकल्याच्या पातळ औषधांविषयी विशेष काळजी घ्यावी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात अशा एका औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक लहान मुले दगावली. त्यांतील काहींना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, अशी सूचना दिली. घरातील उरलेली बाटली किंवा शेजाऱ्याच्या मुलाला लागू पडलेले औषध आपल्या मुलाला देऊ नये. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

फवारणीनंतरची 'सर्दी'

आंब्यावर फवारणी करून आलेल्या माणसाचे नाक व डोळे वाहू लागले, तोंडाला लाळ सुटली, घाम, मळमळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, छाती भरल्यासारखी वाटणे अशी लक्षणे दिसली तर ती सर्दी समजू नये. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेची ही लक्षणे आहेत. कपडे त्वरित बदलून अंग साबणाने धुवावे आणि कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. फवारणीच्या वेळी बांधलेले उपरणे घरी आल्यावर रुमाल म्हणून वापरू नये.

न्युमोनिया वेळीच ओळखा

साधी सर्दी जिवावर बेतत नाही, पण लहान मुलांत तिच्यामागून न्युमोनिया येऊ शकतो. तो ओळखण्यास यंत्र लागत नाही, सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातील कार्यकर्त्यांना व दाईंना मुलांचे श्वास मोजून न्युमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. निरक्षर कार्यकर्त्यांसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे साधनही तयार केले. या कामाने त्या गावांतील मुलांचे न्युमोनियाचे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. हे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना पोट व छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पुढीलप्रमाणे संख्या आढळल्यास श्वास जलद आहे असे समजावे.

- दोन महिन्यांखालील बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक
- दोन महिने ते एक वर्ष : मिनिटाला ५० किंवा अधिक
- एक ते पाच वर्षे : मिनिटाला ४० किंवा अधिक

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध न पिणे, सुस्ती, झटके, ओठ निळसर होणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आरंभी सांगितलेल्या मुलाचे श्वास गावच्या आशाताईंनी घड्याळ लावून मोजले. ते मिनिटाला ५८ भरले. धुरी बाजूला राहिली, मुलाला त्याच दुपारी दापोलीच्या रुग्णालयात नेले आणि आठवड्याभरात ते खेळू लागले. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

न्युमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर शासकीय लसीकरणात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत द्यावी. गोवराची लसही चुकवू नये. वृद्ध, दमेकरी, मधुमेही व गरोदर स्त्रिया यांनी फ्लूच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) सर्दी विषाणूने होते. हात धुवा, हवा खेळती ठेवा.
२) बाळाला ऊब द्या, धुरी देऊ नका.
३) प्रतिजैविके व खोकल्याची औषधे मनाने देऊ नका.
४) फवारणीनंतरच्या वाहत्या नाकाकडे दुर्लक्ष करू नका.
५) आजारी मुलाचे श्वास मोजा आणि वरील आकडे घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोहर गेला तर एका हंगामाचे नुकसान होते, ते पुढील वर्षी भरून काढता येते. घरातील मुलाच्या बाबतीत मात्र दुसरा हंगाम नसतो. म्हणून बागेत मोहराची पाहणी करण्यापूर्वी रोज सकाळी घरातील लहानग्यांवर एक नजर अवश्य टाकावी.