भूगोल : ‘कोठे’ आणि ‘का’

प्रस्तावना

देशांच्या राजधान्या, नद्या आणि पिके यांची नावे पाठ करणे म्हणजे भूगोल, अशी समजूत शालेय जीवनात अनेकांच्या मनात रुजते. महाविद्यालयातील भूगोलाचे स्वरूप याहून वेगळे आहे. तेथे काय शिकवले जाते आणि त्या शिक्षणातून कोणते मार्ग खुले होतात, याची ओळख प्रस्तुत पाठात करून घेऊ.

मूळ पाठ

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण या गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दुर्घटना कोठे घडली, हे वृत्तपत्राने सांगितले. भूगोलाचा अभ्यासक मात्र तेथे थांबत नाही. डोंगराचा उतार किती तीव्र होता? मातीचा थर किती जाड होता? पावसाचे पाणी कोठे मुरले? उतारावर माणसाने कोणते बदल केले? आणि अशाच उतारांच्या पायथ्याशी आणखी कोणती गावे वसली आहेत? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वेळीच मिळाले, तर माणसांचे प्राण वाचू शकतात.

अशी उत्तरे शोधण्याची साधने महाविद्यालयात हाती येतात. प्राकृतिक भूगोलात भूरूपे, हवामान व सागर यांचा, तर मानवी भूगोलात लोकसंख्या, वस्ती, शेती, उद्योग व स्थलांतर यांचा अभ्यास होतो. प्रात्यक्षिकांत भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे वाचावयास शिकवतात. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाच्या नकाशांवर तपकिरी समोच्च रेषा जमिनीची उंची दाखवतात. रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र आणि दूर असतील तर उतार मंद, हे कळू लागले की सपाट कागदावर डोंगर उभा राहतो. क्षेत्रभेटीत विद्यार्थी स्वतः मोजणी करतात व गावकऱ्यांशी बोलून माहिती गोळा करतात. पुढे सुदूर संवेदन म्हणजे उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांचा अभ्यास येतो. भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने उतार, माती, पाऊस व वस्ती यांचे नकाशे संगणकावर एकावर एक ठेवून पाहता येतात. धोक्याची ठिकाणे ओळखण्याची ही एक प्रभावी पद्धत आहे.

पदवीनंतर अनेक वाटा आहेत. बी.एड. करून शिक्षक होता येते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय घेता येतो. नकाशानिर्मिती, जलसंधारण, आपत्ती व्यवस्थापन व पर्यटन या क्षेत्रांतही या ज्ञानाचा उपयोग होतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र उपग्रहांकडून येणारी माहिती हाताळते, तर डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था या विषयाचे प्रशिक्षण देते.

तथापि, केवळ पदवीच्या बळावर प्रत्येक दार उघडत नाही. नकाशाविषयक नोकऱ्यांसाठी संगणकाचा सराव आणि बहुधा एखादी पदविका किंवा पदव्युत्तर शिक्षण लागते. हवामानशास्त्राकडे वळावयाचे असेल, तर गणित व भौतिकशास्त्राचा पाया हवा. म्हणून बारावीचे विषय निवडतानाच पुढचा विचार करावा. दूरशिक्षणाने शिकू इच्छिणाऱ्यांनी संस्थेची मान्यता आणि प्रात्यक्षिकांची सोय आधी तपासून घ्यावी.

शिक्षणात खंड पडलेल्या प्रौढ विद्यार्थ्याजवळ एक भांडवल आधीच असते. शेतात राबलेल्यास माती ओळखीची असते; कामासाठी परगावी गेलेल्यास स्थलांतर म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. अनुभवाने ‘कोठे’ ते ठाऊक असते. अभ्यास त्याला ‘का’ची जोड देतो.

शब्दार्थ

समोच्च रेषा – समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा
सुदूर संवेदन – वस्तूला स्पर्श न करता दुरून माहिती मिळवण्याचे तंत्र
वैकल्पिक – स्वतः निवडता येणारा

स्वाध्याय

१. समोच्च रेषांवरून उतार कसा ओळखतात?
२. ‘केवळ पदवीच्या बळावर प्रत्येक दार उघडत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. उपक्रम : तुमच्या वस्तीचा कच्चा नकाशा काढा. पावसाचे पाणी कोठे साचते ते दाखवा आणि त्याचे कारण पाच-सहा वाक्यांत लिहा.