मराठी घरातले हिंदी कवी : मुक्तिबोध

बूढापाऱ्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथे कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला. घरी मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतले कवी झाले. रायपूरच्या मराठी मुलांना अशी दोन भाषांची घरे ओळखीची आहेत. पूर्वी नागपूरला त्यांनी 'नया खून' या साप्ताहिकाचे संपादन केले. स्वतःच्या कविताही ते पुन्हा पुन्हा सुधारून लिहीत. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला कवितासंग्रह त्यानंतर आला. तो त्यांना पाहता आला नाही. शाबासकीची वाट न पाहता काम चोख करावे, हे आपण कॅडेटांनी त्यांच्याकडून शिकावे.