दीक्षाभूमीच्या शहरात समाजशास्त्र शिकवताना

समाज माणसाला घडवतो की माणूस समाजाला, हा प्रश्न बी.ए.च्या पेपरात हमखास येतो. मुलं एक बाजू लिहितात, दुसरी लिहितात आणि शेवटी ‘दोन्ही घटक परस्परपूरक आहेत’ असं लिहून मोकळी होतात. गुणही मिळतात. मला मात्र ते उत्तर कधी पुरेसं वाटलं नाही. परस्परपूरक म्हणजे नेमकं कसं? आधी कोण हलतं? किती वेळ लागतो? किंमत कोण मोजतं? मी इंदोऱ्यात वाढले, वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, आणि नोकरीची सगळी वर्षं याच शहरात हा विषय शिकवण्यात गेली. पुस्तकांनी जे सांगितलं ते नागपूरनं मला पडताळून दाखवलं. त्यातून उमगलेलं क्रमानं लिहिते.

१. भिंत दिसते ती तिच्यावर आपटणाऱ्यालाच

एमिल दुर्खीमनं 1895 मध्ये लिहिलं की सामाजिक तथ्यं माणसाच्या बाहेर असतात आणि त्याच्यावर सक्ती करतात. वर्गात हे वाक्य सांगितलं की मुलं उतरवून घेतात, पुढं काही होत नाही. मग मी विचारते, शहरात भाड्यानं खोली कोणी शोधली? गडचिरोली-भंडाऱ्याहून आलेली मुलं हात वर करतात. घरमालक पहिलं नाव ऐकून थांबत नाही, ‘पूर्ण नाव काय?’ असं विचारतो. रामटेके, वासनिक, गजभिये म्हटलं की विदर्भात पुढचं सांगावं लागत नाही. ‘कालच खोली दिली हो’, असं उत्तर येतं. त्याच वर्गात कोणीतरी असतं ज्याला जात आता उरलेली नाही असं मनापासून वाटतं. तोही खोटं बोलत नसतो. त्याच्या आडनावाला कुठलं दार बंदच झालेलं नसतं.

२. आणि ती भिंत रोज कोणीतरी बांधत असतं

घरमालक दुष्ट आहे असं म्हणून मुलांना सुटायचं असतं. मी सुटू देत नाही. तो विचारतो, कारण शेजारी विचारतील ही त्याला धास्ती. शेजारी विचारतात, कारण त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी नातेवाईक विचारतील ही त्यांना धास्ती. यात पहिला कोण, हे शोधून सापडत नाही.

अँथनी गिडन्सनं 1984 च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं. रचना माणसांच्या वागण्याला आकार देते, आणि त्याच वागण्यातून ती पुन्हा उभी राहते. त्याचं उदाहरण भाषेचं आहे: मी मराठीचे नियम पाळून बोलते, मराठी टिकावी असा माझा हेतू मुळीच नसतो, तरी माझ्या बोलण्यानंच मराठी टिकते. पिएर बूर्द्यूनं याला शरीराची बाजू जोडली. कोणापुढं आवाज खाली येतो, कोणाच्या घरी ओसरीवरच पाय थांबतात, हे विचार करून ठरत नाही. ते अंगात मुरलेलं असतं. दोघांचीही नावं अभ्यासक्रमात ठळक अक्षरांत आहेत.

जे ठळक नाही ते मी आवर्जून सांगते. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या रिवाजावर, असं त्यांनी त्यात मांडलं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या रिवाजाच्या रखवालदार आहेत. एका गटानं स्वतःला कोंडून घेतलं, इतरांनी त्याचं अनुकरण केलं, उरलेल्यांना दार बाहेरून बंद झालेलं आढळलं. एवढी मोठी व्यवस्था कुठल्या एका हुकमानं उभी राहिलेली नाही. घराघरांतल्या लग्नांनी ती पिढ्यान्‌पिढ्या उभी केली. रचना आणि कृती यांचं नातं यापेक्षा नेटकं मांडलेलं मी वाचलेलं नाही, आणि ते गिडन्सच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधीचं आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हे पाश्चात्त्य सिद्धांताची तळटीप म्हणून शिकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं ऐकून एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, मंग माणसाच्या हाती काय रायते?’ तो प्रश्न मी पुढं दरवर्षी स्वतःच फळ्यावर लिहीत गेले.

३. फट आधी पडावी लागते, पण फटीतून चालत कोणीतरी जावं लागतं

1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरपर्यंत आली. वऱ्हाडचा कापूस हाताशी होता. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आसपासच्या खेड्यांतले महार जाडंभरडं कापड विणत, त्यांच्या हातात कसब होतं. गिरणीच्या मालानं त्यांचे माग बसले आणि गिरणीनंच त्यांना मजुरी दिली. रोख मजुरी. ज्याच्या हाती महिन्याचा पगार पडतो त्याला गावच्या पाटलाकडून भाकर मागावी लागत नाही, आणि ‘येसकर (गावची वेस राखणारा) कुठं गेला?’ म्हणून कोणी त्याला शोधत शहरात येत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत हे सगळे सांगत.

गिरणीनं जात पुसली असं मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. जुनी रचना नव्या यंत्राच्या शेजारी अशी निवांत जाऊन बसते.

पण फट पडली होती. मोहपा गावचे किसन फागुजी बनसोडे नागपुरात गिरणी कामगारांत वावरले, त्यांनी शाळा काढली, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रं चालवली. उमरेडच्या जाईबाई चौधरींनी नागपूर-कामठी वाटेवर डोक्यावर ओझी वाहिली, शिकल्या आणि मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा उभी केली. हमाली करणाऱ्या बाया त्या काळी पुष्कळ होत्या. त्या सगळ्यांनी शाळा काढली नाही. फरक कशामुळं पडला, याचं पूर्ण उत्तर कुठल्याच सिद्धांतात नाही, आणि म्हणूनच माझा माणसावरचा विश्वास टिकून आहे.

४. एकटा माणूस भिंत ओलांडू शकतो, भिंत तिथंच राहते

कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ वाचल्याशिवाय नागपूरच्या कोणी समाजशास्त्राची पदवी घेऊ नये, असं माझं मत आहे. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते, आणि तरी नोकरीसाठी दारोदार फिरते. नोकरी मिळते ती लग्नानंतर. माहेरच्या सोमकुवर या नावाला जे मिळालं नाही ते पावडे या सासरच्या आडनावाला मिळालं, हे त्यांनी स्वतः स्वच्छ लिहून ठेवलं आहे. ज्या भाषेचे शब्द कानावर पडणंही ज्यांना निषिद्ध होतं त्यांच्यातली बाई ती भाषा शिकवू लागली, ही कर्तृत्वाची परिसीमा झाली. पण निवड करणाऱ्यांची नजर त्यानं बदलली नव्हती. जिद्दीच्या कथा मुलांना आवडतात, मलाही आवडतात. ‘जिद्द असेल तर सगळं होतं’ एवढाच त्यांचा अर्थ लावला की मी थांबवते. ज्यांचं झालं नाही त्यांच्यात जिद्द नव्हती, असा त्याचा दुसरा अर्थ होतो आणि तो अन्याय आहे.

५. रचना बदलायची तर ती जिथं रोज घडते तिथं हात घालावा लागतो

14 ऑक्टोबर 1956, विजयादशमी. बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, आणि मग स्वतः लाखोंच्या समुदायाला दिली. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी लोकांकडून वदवून घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा समाजशास्त्राच्या नजरेनं वाचाव्यात असं मी सांगते. त्यांत तत्त्वज्ञान आहेच, पण किती प्रतिज्ञा अगदी घरातल्या आहेत पाहा. श्राद्ध करणार नाही. पिंडदान करणार नाही. ब्राह्मणाच्या हातून कुठलाही विधी करवून घेणार नाही. दारू पिणार नाही. म्हणजे बारसं, लग्न, मयत, सणवार, ज्या ज्या प्रसंगी माणूस नकळत जुनी उतरंड पुन्हा उभी करतो, तो प्रत्येक प्रसंग त्यांनी नेमका हेरला होता. 1916 चा निबंध लिहिणारा अभ्यासक इथं मला स्पष्ट दिसतो.

माझी आजी त्या मैदानावर होती. पांढरं लुगडं उसनं आणून नेसली होती. घरी आल्यावर तिनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि ते विहिरीत सोडले. एवढं धाडस एकदाच करायचं होतं. खरं अवघड त्याच्या नंतर आलं. पोळा आला, अखाडी आली, घरात कोणी आजारी पडलं की मरीआईला बोलायची सवय तोंडावर आली. दर वेळी ती थांबायची आणि शेजारणीला विचारायची, ‘आता आपल्यात काय करतेत?’ शेजारीणही नवीच. मग दोघी विहारात जाऊन विचारत. जुना रिवाज मोडणं आणि नवा रिवाज शिकणं ही दोन्ही कामं त्या बायांनी एकाच वेळी, चुलीपुढं बसून केली. एकटीनं झालं नसतं. अख्खी वस्ती एकाच दिवशी बदलली होती म्हणून विचारायला शेजारीण होती.

ती तयारीही अचानक झालेली नव्हती. जुलै 1942 मध्ये याच शहरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली, आणि त्याच अधिवेशनात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद भरली. चुलीपुढचा बदल कोणाच्या हातून होणार, हे तेव्हाच ठाऊक होतं.

६. रचना उलट उत्तर देते, आणि तिला घाई नसते

मार्गारेट आर्चर या ब्रिटिश अभ्यासिकेचा गिडन्सवर आक्षेप होता. रचना आणि कृती एकातच मिसळून टाकली तर त्यांच्यातला काळ दिसेनासा होतो, असं ती म्हणते. रचना आधीची असते, माणसं तिच्याशी झुंजतात, आणि बदललेली रचना पुढच्यांच्या वाट्याला येते. मला तिचं म्हणणं पटतं, आणि ते कॉलेजच्या ऑफिसात पटलं.

धर्मांतराची येवल्याची घोषणा 1935 ची, दीक्षा 1956 ची. दीक्षा घेतलेल्या माणसाला केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचा हक्क उरला नाही, कारण 1950 च्या आदेशात बौद्ध बसत नव्हते. राज्यानं आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला 1990 उजाडलं. मधल्या काळात फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्यापुढं पेन अडायचं. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर ‘हिंदू-महार’, असं दुहेरी लिहिणं कित्येक घरांनी सोसलं. विहिरीत सोडलेली ओळख पोटासाठी कागदावर परत लिहावी लागत होती. कोणी त्यांना ढोंगी म्हटलं की मला राग येतो. कायदा बदलायला चौतीस वर्षं लागली आणि तेवढ्या काळात मुलांना शिकवायचं होतं.

७. लग्न विचारा

दर वर्षी मी एक काम देते: आपल्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं कुठं आणि कशी जुळली ते लिहून आणा. बौद्ध घरांतल्या मुलांच्या वह्यांत पणजोबांच्या पिढीला बावणे, लाडवण, कोसरे, बारके असे भेद सापडतात. बावण्यांची मुलगी कोसऱ्यांकडं जात नसे. आजोबांच्या पिढीत यावरून भांडणं झालेली दिसतात. आई-वडिलांच्या पानावर बहुतेकांना तो भेद ठाऊकही नसतो, ‘हे काय असते?’ असं घरी विचारून यावं लागतं. पोटजातींची भिंत दोन पिढ्यांत खचली, आणि ती माणसांनी जाणूनबुजून खचवली. तेली, कुणबी, ब्राह्मण, हलबा कोष्टी घरांतली मुलंही वह्या आणतात. त्यांच्या तिन्ही पानांवर बहुधा एकच जात असते. बौद्ध मुलांच्या तिसऱ्या पानावरही सोयरीक बौद्धांतच झालेली असते.

मग वह्या बंद करायला सांगून मी चौथ्या पानाबद्दल विचारते, जे अजून कोरं आहे. वर्गात पहिल्यांदा खरी भांडणं होतात. ‘आईबाबा ऐकणार नाहीत’, असं एक म्हणतो. ‘त्यांच्या आईबाबांनी तरी कुठं ऐकलं होतं?’ असं दुसरी म्हणते, आणि तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू जात नाही.